लेकीच्या गावी कुलसंमेलन

आमच्या वऱ्हाडात एखादा अनोळखी माणूस ओसरीवर आला, म्हणजे त्याला आधी पाणी देतात आणि मग विचारतात, "कोणाचे तुमी?" नुसते नाव सांगून या प्रश्नाचे उत्तर होत नाही. कोणत्या गावचे, कोणत्या घरचे, कोणाचे नातू, घरची आत्या कुठे दिली, हे सारे त्या दोन शब्दांत विचारलेले असते. पाहुणाही भराभर नावे सांगत जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या नावाला कुठेतरी नाते जुळते. मग चहा होतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुण्याच्या नातवाला गावातल्या एका म्हाताऱ्याने हाच प्रश्न केला. तो बिचारा गोंधळला आणि म्हणाला, "मी कोणाबरोबर नाही, एकटाच आलोय." म्हातारा हसला. मला मात्र हसू आले नाही.

कुलसंमेलन भरवावे असे जे वाटू लागते, त्याच्या मुळाशी बहुतेक घरांत असेच काहीतरी असते. महाराष्ट्रात गेल्या शतकात पुष्कळ घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले, कुलमंडळे काढली, संमेलने भरवली. आमच्या घरात ही हौस उशिरा आली. गेल्या दिवाळीत आम्ही अचलपूरला दोन दिवसांचे कुलसंमेलन भरवले. ते कसे भरले, कुठे चुकले आणि त्यातून काय हाती लागले, ते आज सांगतो. आपल्या मनात असा काही बेत असेल, तर आमच्या चुका तरी आपल्याला पुन्हा कराव्या लागू नयेत.

आधी आमच्या घराविषयी थोडे सांगितले पाहिजे; त्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमचे मूळ गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. हा सारा खारपाणपट्टा. जमीन काळी आणि खोल, कापसाला-हरभऱ्याला उत्तम. पण विहीर खणली की पाणी खारट-मचूळ. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. अशा गावात आमच्या शेतातल्या एका विहिरीला गोडे पाणी होते. अर्धे गाव वरणापुरती घागर तिथून नेत असे.

१९८३ साली माझे वडील आणि काका यांची वाटणी झाली. जमीन वाटली गेली, वाडा वाटला गेला, भांडीसुद्धा मोजून वाटली; विहीर मात्र वाटता येईना. पाण्याच्या पाळ्या ठरल्या. पाळ्यांवरून बोलाचाली झाली, बोलाचालीवरून कोर्ट झाले. वडील अमरावतीला राहायला गेले, काका अकोल्याला. पुढे कोर्टाचा निकालही लागला. पण दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले ते बंदच राहिले. आता शहानूर धरणाचे पाणी नळाने आमच्या गावात येते. त्या विहिरीवर कोणी घागर घेऊन जात नाही. ज्या पाण्यापायी दोन भावांनी तोंडे फिरवली, ते पाणी आज पाखरे पितात.

या भांडणात एक तिसरे माणूस होते, त्याचा हिशेब मात्र कोणीच केला नाही. ती आमची आत्या. १९५८ साली तिचे लग्न झाले आणि ती अचलपूरला नांदायला गेली. मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची एक गाडी अचलपूरला जात असे. तिलाच पुढे सारे वऱ्हाड 'शकुंतला' म्हणू लागले. मूर्तिजापूरपासून यवतमाळकडे ११३ किलोमीटर आणि अचलपूरकडे ७६ किलोमीटर, असा तिचा पसारा. विलायती कंपनीने हे रूळ टाकले ते आमचा कापूस वाहून न्यायला. पण कापसाच्या गाठींबरोबर त्याच गाडीने आमच्या लेकी-सुनाही आल्या-गेल्या. दर दिवाळीला आत्या अचलपूरला गाडीत बसायची आणि अंजनगाव मागे टाकून दर्यापूरला उतरायची. स्टेशनाबाहेर घरची दमणी उभी असायची. वाटणी झाली त्या वर्षी तिला पहिल्यांदा प्रश्न पडला, की आता जायचे कोणाच्या दारी? थोरल्याकडे जावे तर धाकटा रुसणार, धाकट्याकडे जावे तर थोरला. ती त्या वर्षी गेली नाही. दुसऱ्या वर्षीही गेली नाही. मग जाईनाशीच झाली. माहेर दोघांत वाटले गेले आणि तिच्या वाट्याला काहीच आले नाही. ती गाडीही आता बंद आहे.

माझे वडील सहा वर्षांपूर्वी वारले. काका आले नाहीत. पण चौथ्या दिवशी अकोल्याचा माझा चुलतभाऊ एकटाच आला, अर्धा तास खाली मान घालून बसला आणि गेला. तेव्हापासून आम्ही दोघे मोबाईलवर अधूनमधून बोलू लागलो. संमेलनाचा विषय त्या बोलण्यातून निघाला.

आता आपण बेताकडे वळू. पहिला प्रश्न असतो तो जागेचा. संमेलन मूळ गावी भरवावे, हे ऐकायला गोड वाटते. पण वाड्याच्या भिंती पडलेल्या, आणि दोनशे माणसांची सोय करील असे त्या गावात आता काही नाही. अमरावतीची मंडळी म्हणू लागली, अमरावतीच बरी. अंबादेवीचे आणि एकवीरेचे दर्शन होईल. बडनेऱ्याला मोठ्या गाड्या थांबतात. पेंढाऱ्यांपासून व्यापारी पेठ वाचावी म्हणून १८०७ साली निजामाच्या अमलात उभारलेला परकोट आणि जवाहर दरवाजा मुलांना दाखवता येईल. अकोल्याची मंडळी म्हणाली, अकोला का नको? तेही मुख्य रेल्वेमार्गावर आहे, गावात असदगड आहे, बाळापूरला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ला आहे, मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे, शेगावही जवळ. तरुण मुले म्हणाली, दोन्ही नको, चिखलदऱ्याला जाऊ. सगळ्यांचे म्हणणे खरे होते. पण कोणाच्याही ध्यानात यावे, की हे भांडण गावांचे नव्हते, यजमानपणाचे होते.

हा तिढा सोडवला तो माझ्या चुलतबहिणीने. ती अकोल्याची लेक, आता परभणीची सून. ती म्हणाली, "दादा, दोघांच्याही गावी नको. आत्याच्या गावी करू. भाऊ बहिणीच्या दारी गेला तर तो हरला असं कोणी म्हणत नाही."

एवढे साधे उत्तर आम्हा शहाण्यासुरत्या पुरुषांना तीन महिने सुचले नव्हते. आम्ही अचलपूरला जाऊन आत्यापुढे विषय काढला. चिखलदऱ्याची सहलही सांगितली, तिला बरे वाटावे म्हणून. सहा वर्षे कमी नव्वदीची ती म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मले चिखलदरा कायले दाखवतं बापू? मले माह्या भावाचं तोंड दाखवजो."

अचलपूरला सहसा कोणी सहलीचे गाव म्हणत नाही. चिखलदऱ्याला जाणारा माणूस शेजारच्या परतवाड्याला चहा घेतो आणि घाटाला लागतो. पण वऱ्हाडचा इतिहास ज्याला एका गावात पाहायचा आहे, त्याने तो अचलपुरात पाहावा. १४९० च्या सुमारास फतेउल्ला इमादुल्मुल्क हा बहामनी राज्यातून फुटून निघाला आणि त्याने वऱ्हाडात आपली गादी उभी केली. त्या इमादशाहीची राजधानी अचलपूर, म्हणजे त्या वेळचे एलिचपूर. १५७४ साली अहमदनगरच्या निजामशाहीने ते राज्य गिळले. इंग्रजी अमलात १९०५ पर्यंत एलिचपूर हा वेगळा जिल्हा होता. मग तो अमरावतीत मिळाला. जुन्या कोटाचे दरवाजे, बिच्छन नदीकाठचा दुल्हा रहमान शाह यांचा दर्गा, गावाबाहेरच्या तलावातला हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा, असे पुष्कळ काही तिथे आहे. अमरावतीहून परतवाडा ५० किलोमीटरच्या आसपास. अकोल्याहून दर्यापूर-अंजनगाववरून येता येते. आणि ज्यांना घाट झेपतो, त्यांना चिखलदरा पुढे तीसेक किलोमीटरच राहतो. म्हणजे म्हाताऱ्यांची सोय पायथ्याशी आणि पोरांची हौस वर. जागा निवडताना हेच पाहावे. सर्वांत धडधाकट माणसाला कुठे जावेसे वाटते, हे नंतर; सर्वांत थकलेल्या माणसाला कुठवर येता येते, हे आधी.

दुसरा प्रश्न तिथीचा. नोकरदार म्हणतात मे महिना. पण वऱ्हाडचा मे महिना म्हणजे अकोल्याला पारा पंचेचाळिशीच्या वर. पावसाळ्यात चिखलदरा हिरवागार असतो, पण तेव्हा शेतकऱ्याला निंदण-डवरणीतून मान वर काढता येत नाही, आणि शनिवार-रविवारी वर राहायला खोली मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत जवळच बहिरमची यात्रा महिनाभर चालते, त्याची गर्दी. शिवाय तेव्हा शेतात तूर उभी. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. आम्ही पंचांग समोर घेऊन बसलो आणि दिवाळीच्या भाऊबिजेनंतरचे दोन दिवस धरले. त्याचे तीन फायदे. शाळांना सुटी असते. लेकी माहेरी आलेल्याच असतात, त्यांना वेगळी रजा मागावी लागत नाही. आणि तिसरा, जो आमच्या चुलतबहिणीनेच दाखवला: तुळशीचे लग्न लागेपर्यंत माणसांची लग्ने लागत नाहीत, त्यामुळे मंगल कार्यालये रिकामी असतात आणि भाडेही बेताचे पडते. कापसाची वेचणी तेव्हा असते खरी. पण दोन दिवस कापूस झाडावर थांबतो.

तिसरे काम यादीचे. ते सोपे वाटते आणि तेच सर्वांत कठीण असते. आम्ही पहिली वंशावळ मांडली ती सहा पिढ्यांची. मोठा कागद, वर मूळ पुरुष, खाली फांद्या. फार झोकदार दिसत होती. माझ्या सुनेने ती पाहिली आणि विचारले, "बाबा, या घरात दीडशे वर्षांत एकही मुलगी जन्मली नाही का?" कागदावर सगळे पुरुष होते. लेकी दिल्या घरी गेल्या म्हणून गळल्या, आणि सुना आल्या त्या अमक्याची बायको म्हणूनही लिहिलेल्या नव्हत्या.

मग आम्ही नोंदी शोधू लागलो. आपल्यालाही शोधायच्या असतील तर वाटा सांगतो. घरात जुने भाट येत असतील तर त्यांच्या पोथीत वंश असतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्या पूर्वजांची नावे सापडतात. जमिनीच्या जुन्या फेरफारांत वारसांची नावे असतात. आणि आमच्या वऱ्हाडात कोतवाल बुक म्हणून एक दप्तर असे, त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. त्याची नक्कल तहसील कचेरीत मागता येते. आत्याच्या जन्माची नोंद तिथे सापडेल अशी आम्हाला आशा होती, आणि ती सापडली. तारीख होती, आजोबांचे नाव होते, जात होती, आणि पुढे एकच शब्द होता: मुलगी. बारशाच्या आधी नोंद व्हायची, म्हणून नाव नाही. पुढे सासरी गेल्यावर तिचे नाव बदलले. म्हणजे माहेरचे नाव सरकारी कागदात नाही, आमच्या वंशावळीत नाही आणि सासरच्या रेशनकार्डावरही नाही. ते कोणाला ठाऊक होते? फक्त तिच्या दोघा भावांना. त्यांतला एक गेलेला.

आम्ही ती वंशावळ फाडली नाही. पण नवी काढली. तिच्यात प्रत्येक लेकीला फांदी दिली, प्रत्येक सुनेचे माहेर लिहिले, आणि जिची दोन नावे तिची दोन्ही नावे लिहिली. कागद दुप्पट मोठा झाला आणि पाहुण्यांची यादीही. आपल्यालाही हेच सुचवीन. घर मुलांच्या नावावर चालते असे आपण म्हणतो. पण भांडलेल्या दोन घरांत जो निरोप जातो-येतो, तो बहुधा एखाद्या लेकीच्या तोंडूनच.

यादी झाली तरी काकांचे काय, हा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी दोन्ही घरांची चार-चार माणसे अंजनगाव सुर्जीला एका नातेवाइकाच्या घरी भेटली. जागा निम्म्या वाटेवरची म्हणून निवडली. पण बसल्यावर कोणीतरी आठवण काढली, की हे तहाचेच गाव आहे! १८०३ साली असई आणि अडगाव इथे मराठी फौजांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ तारखेला देवगावला नागपूरकर भोसल्यांनी इंग्रजांशी तह केला आणि ३० डिसेंबरला याच सुर्जी-अंजनगावला दौलतराव शिंद्यांनी केला. भोसल्यांच्या हातून त्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड गेले. गाविलगड आणि नरनाळा तेवढे त्यांच्याकडे राहिले. आमच्या तहात इतके काही जायचे नव्हते. तीनच कलमे ठरली. विहिरीचा विषय दोन दिवस कोणी काढायचा नाही. पत्रिकेवर कोणाही एकाचे नाव निमंत्रक म्हणून घालायचे नाही, आत्याचे घालायचे. आणि काकांना बोलवायला पुरुषांनी जायचे नाही. आत्याने स्वतः फोन करायचा. तिने फोन केला. काय बोलली ते तिने सांगितले नाही. काकांच्या घरून एवढेच कळले, की ते फोन ठेवून बराच वेळ देवघरात बसले होते.

व्यवस्थेच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. वर्गणी माणशी ठेवू नये, घरटी ठेवावी, आणि ज्याला पैसे देणे जड आहे त्याला धान्य द्यायची वाट मोकळी ठेवावी. आमच्याकडे कोणी ज्वारी दिली, कोणी तूरडाळ, आत्याच्या घरच्यांनी आंबिया बहाराची संत्री. कोणी काय दिले त्याची पाटी लावू नये. पण खर्च मात्र पै-पैचा लिहून भिंतीवर लावावा. ज्या घरात एकदा वाटणी झाली आहे, तिथे हिशेब उघडा असलेला बरा. म्हाताऱ्यांना तळमजल्यावरच्या खोल्या द्याव्यात, संडास खुर्चीचा आहे ना ते आधी स्वतः जाऊन पाहावे, आणि कोणाला कोणती औषधे लागतात त्याची यादी एका जबाबदार माणसाच्या खिशात असावी. घाटासाठी आम्ही एस.टी.ची बस प्रासंगिक करारावर घेतली. एकेकट्या येणाऱ्या वृद्धांनी साधी एस.टी. धरली, २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिच्यात तिकीट पडत नाही आणि २०२३ पासून बायकांना अर्धे पडते, याचा मोठा आधार झाला.

प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी लावायची होती. आत्याला विचारले, "काय लिहू?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "माहेरचं लिही बापू." आणि तिने ते नाव सांगितले. साठ-पासष्ट वर्षांनी ते कोणी कागदावर लिहीत होते.

आमची एक मोठी चूक झाली ती कार्यक्रमाची. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही भाषणे ठेवली. घराण्याचा इतिहास, पूर्वजांचे कर्तृत्व, सत्कार, नारळ. अर्ध्या तासात मुले मागच्या दाराने निघून गेली, आणि अमरावतीची मंडळी एका बाजूला, अकोल्याची दुसऱ्या बाजूला, अशी लग्नातल्या दोन पक्षांसारखी बसून राहिली. काका आले होते. पांढरे धोतर, काळी टोपी, हातात काठी. ते खुर्चीवर बसले, आत्याचा हात हातात घेतला, पण माझ्याशी किंवा माझ्या भावाशी एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटले, एवढा खटाटोप फुकट गेला.

संध्याकाळी रोडग्यांचा बेत होता. आपल्याला माहीतच आहे, की रोडगे हा वऱ्हाडात गड्यांचा स्वयंपाक. मागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्यांचे दोन हार पेटवले. जाडसर कणकेचे गोळे निखाऱ्यावर आले. एकीकडे वांग्याची भाजी, एकीकडे वरण. आमच्या शहरी पोरांना रोडगा कधी उलटायचा ते कुठे ठाऊक! वरून करपत होते आणि आतून कच्चे राहत होते. काका लांबून पाहत होते. थोडा वेळ त्यांनी धीर धरला. मग एकाएकी काठी टाकून उठले, माझ्या भावाच्या हातातला चिमटा ओढून घेतला आणि ओरडले, "अबे, आतून कच्चे राहतीन! सरक तिकडे. आर मोड आधी!"

चाळीस वर्षांवरचा अबोला असा सुटला. कोणी कोणाच्या पाया पडले नाही, माफी मागितली नाही. काका सांगत गेले, माझा भाऊ निखारे सारत गेला आणि पोरे राखेतले रोडगे फडक्याने पुसत गेली. जेवायला बसलो तेव्हा कोण अमरावतीचा आणि कोण अकोल्याचा, ते पंक्तीवरून सांगता येत नव्हते. तेव्हा भाषणे कमी ठेवा, मंडळी. जे काम चार हातांशिवाय होत नाही, असे एखादे काम ठेवा.

दुसऱ्या दिवशी तरुण मंडळी चिखलदऱ्याला गेली. १,१०० मीटरवरची थंड हवा, कॉफीची झाडे, आणि गाविलगड. गडाच्या एका दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. ते विजयनगरचे चिन्ह. फतेउल्ला हा मूळचा कानडी मुलुखातला हिंदू मुलगा, लढाईत पकडून आणलेला, परक्या घरी वाढलेला, असे इतिहासकार सांगतात. वऱ्हाडचा राजा झालेल्या माणसाच्या गडावर त्याच्या जन्मभूमीचे चिन्ह उमटलेले पाहून माझा पुण्याचा नातू परत आला तो मला म्हणाला, "आजोबा, त्यालाही कोणीतरी विचारलं असेल, कोणाचे तुम्ही?" मला त्याच्या या एका वाक्यात सहलीचा खर्च भरून आला.

आम्ही म्हातारी माणसे खालीच राहिलो. भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत केव्हाही करता येते, असे आमच्याकडे मानतात. आत्याने दोन पाट मांडायला सांगितले. एकावर काका बसले. दुसऱ्यावर तिने सुपारी ठेवली. आधी तिने सुपारीला ओवाळले, मग काकांना. काकांनी तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली आणि ताटात ओवाळणी घातली. घरात तेव्हा सगळेच गप्प होते. नंतर मी तिला नमस्कार केला तेव्हा ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सारं बरं झालं बापू. पण थोरला नाही दिसला. उशीर केला तुमी."

त्या शब्दाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. जागा, तिथी, वर्गणी, गाड्या, हे सारे पुढेमागे जमवता येते. गेलेले माणूस मात्र कोणत्याही कार्यालयात बोलावता येत नाही. काकांच्या एका मुलाने अजून आमच्या दारात पाऊल टाकलेले नाही. तेही होईल, किंवा होणार नाही. पण आत्या यंदा दिवाळीला अकोल्याला जाणार आहे आणि तिथून अमरावतीला. दोन्हीकडे तिची पिशवी ठेवायला एकेक कोपरा मोकळा केला आहे.

आपल्या घरातही एखादी विहीर असेल. एखादी आत्या असेल. तिचे माहेरचे नाव आपल्याला ठाऊक आहे का, एवढे आज घरी विचारून पाहा. ठाऊक नसेल, तर ज्याला ठाऊक आहे त्या माणसाकडे या आठवड्यातच जाऊन या. संमेलनाची तिथी मग सावकाश काढता येईल.